फ्लेक्सवर फुटलेला तारा

जयवंत राऊळ पंचवीस वर्षं गिरणीच्या घडीखात्यात होता आणि त्याचं काम एकच होतं: कापडातले डाग शोधायचे. साचेखात्यातून, म्हणजे मागांच्या खात्यातून, विणलेला कापडाचा ताका आला की तिरक्या टेबलावर टाकायचा, मागून दिवा, पुढून डोळे. कुठे धागा तुटलाय, कुठे विणीत जाळं पडलंय, कुठे तेल सांडलंय. सापडलं की खडूने खूण करायची आणि ताका बाजूला टाकायचा. मग त्या ताक्याच्या साचेवाल्याचा पगार कापला जाई आणि तो साचेवाला जयवंतच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. कँटीनमध्ये जयवंत बसला की टेबल आपोआप रिकामं होत असे. त्याला त्याचं फार वाईट वाटे, पण डाग दिसला की हात आपसूक खडूकडे जात असे. स्वभावाला औषध नाही.

गिरणी बंद पडली तेव्हा रश्मी सात वर्षांची होती. उशिरा झालेली, एकुलती एक. पुढची पंधरा वर्षं जयवंतने दादरला साड्यांच्या दुकानात गादीवर बसून काढली आणि पोरीला शिकवलं. ती शिकत गेली, शिकत गेली, आणि इतकी शिकली की ती काय शिकते हे लालबागच्या भाऊशेठ चाळीत कोणालाच सांगता येईना. ती तारे फोडते एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

तसं ते चुकीचं नव्हतं. एखादा मोठा तारा फुटला की त्यातला वायू अवकाशात कसा उसळत जातो, याचं गणित ती इन्स्टिट्यूटच्या कम्प्युटरवर मांडत होती. तिने बापाला एकदा समजावून सांगितलं होतं.

"बाबा, आकाश मोठं केवढं! सगळीकडे बारीक बघायचं म्हटलं तर कम्प्युटर शंभर वर्षं चालेल. म्हणून आकाशाच्या चौकटी पाडायच्या. जिथे काही घडत नाही तिथे मोठ्या चौकटी. जिथे वायूची मारामारी चाललीय तिथे बारीक, त्याहून बारीक. आणि मारामारी पुढे सरकली की बारीक चौकटीही तिच्याबरोबर सरकतात. हे सगळं प्रोग्रॅम आपलं आपण ठरवतो."

"म्हणजे विसर्जनाचो बंदोबस्त," जयवंत म्हणाला. "गर्दी असात थय पोलिस जास्त. मिरवणूक पुढे गेली की पोलिस पुढे."

रश्मीने सोमवारी आपल्या गाईडबाईंना, सीमा मॅडमना, हा दाखला जसाच्या तसा ऐकवला. मॅडम तेव्हापासून नव्या मुलांना तोच ऐकवतात.

तर या रश्मीचा बुधवारी दुपारी मेसेज आला. सोबत एक फोटो. काळ्याभोर आकाशात केशरी रंगाची एक भलीमोठी कमान, फुटलेल्या ताऱ्याच्या वायूची, आणि त्या कमानीतून बाहेर आलेली लांबसडक बोटं. खाली लिहिलं होतं, "बाबा, एवढी लांब बोटं आजवर कोणाच्याच गणितात आलेली नाहीत. सोमवारी पुण्याच्या परिषदेत दाखवणार आहे. तोवर कोणाला सांगू नकोस."

जयवंतने पहिलं वाक्य वाचलं, त्याचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांना शेवटचं वाक्य दिसलं नाही. त्याने फोटो चाळीच्या उत्सव मंडळाच्या ग्रुपवर टाकला. 'रश्मीचा नवीन शोध.' एवढंच लिहिलं.

पाचव्या मिनिटाला कुशाबा दारात हजर. कुशाबा शिंदे मंडळाचा सेक्रेटरी. मूळचा साताऱ्याकडचा, त्याच गिरणीतला साचेवाला, आवाज असा की चाळीला लाउडस्पीकरची गरज पडत नसे. त्याचे किती ताके जयवंतने बाजूला टाकले होते याची गणती दोघांनीही सोडली होती. एका मजल्यावर राहून दोघं गेली पस्तीस वर्षं कामापुरतं बोलत होते.

"जयवंता, रविवारी संध्याकाळी सत्कार," कुशाबा म्हणाला. "शाल, श्रीफळ, बटाटेवडे. आपल्या शाळंचे जुने हेडमास्तर पाहुणे. अन् फ्लेक्स लावणार, बारा बाय आठ! फोटोची मोठी कॉपी धाड."

जयवंतने रश्मीकडे मोठी कॉपी मागितली. फ्रेम करायची असेल, असं समजून तिने पाठवली. शुक्रवारी फ्लेक्सची बातमी तिच्या कानावर आली, तेव्हा ती डोक्याला हात लावून बसली. पण चाळीतली शेंबडी पोरंसुद्धा "ताई, तारा!" करून तिच्यामागे धावत होती, आणि आई जिन्यातून येताजाता प्रत्येकीला थांबवत होती. मग तिनेही हात टेकले. "सोमवार तीनच दिवसांवर आहे म्हणा," ती म्हणाली, आणि स्वतःशीच हसली. खरं सांगायचं तर तिलाही आवडलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी फ्लेक्स आला. वर 'भाऊशेठ चाळीची सुकन्या कु. रश्मी जयवंत राऊळ हिने ताऱ्याच्या बोटांचा शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली मंडळाच्या सतरा शुभेच्छुकांचे चेहरे, त्यात कुशाबाचा सर्वांत मोठा, एका कोपऱ्यात रश्मीचा लहानसा, आणि या सगळ्यांच्या मागे तो तारा. फ्लेक्स पहिल्या मजल्याच्या कठड्याला बांधायचं ठरलं. जयवंत वरून दोरी धरून कठड्यावर वाकला होता. फ्लेक्सच्या मागे, तळमजल्याच्या गॅलरीतली ट्यूबलाइट पेटली आणि तिचा उजेड फ्लेक्समधून आरपार आला.

मागून दिवा, पुढून डोळे.

जयवंतचा हात दोरीवरच थांबला. तो खाली उतरला, स्टूल ओढून त्यावर चढला आणि फ्लेक्सला नाक लावून बघू लागला. पहिलं बोट. मग दुसरं. आडवी वीत टाकून त्याने दोन्हींमधलं अंतर आपल्या हाताने मोजलं. एक वीत आणि चार बोटं. दुसऱ्यापासून तिसरं, एक वीत आणि चार बोटं. तिसऱ्यापासून चौथं, तेवढंच. आणि प्रत्येक बोटाच्या मुळाशी, डाव्या अंगाला, तीच बारीकशी खाच.

कापडातला डाग दोन जातींचा असतो. सूत वाईट असेल तर डाग लहरी. इथे एक, मग दहा वार काही नाही, मग दोन लागोपाठ. पण साचा बिघडला असेल तर डाग नेमाने येतो, तेवढ्याच अंतरावर, तसाच्या तसा. सुताला एवढी शिस्त नसते. जयवंतला ताऱ्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हा डाग सुताचा नाही, साच्याचा आहे, हे तो झोपेतही सांगू शकला असता.

"काय रं, किती बघशील? पोरगी तुझीच हाय!" कुशाबा खालून ओरडला. सगळे हसले. जयवंतही हसला, आणि घरी जाऊन न जेवता बसला.

सुभद्राने, त्याच्या बायकोने, ताट पुढे सरकवलं आणि काय ते विचारलं. त्याने सांगितलं. "माका काय कळता गो त्यातला? मी नववी नापास. तिच्या मॅडमांका दिसूक नाय, आणि माका दिसला? आणि असलाच खरा, तर रविवारी अख्ख्या चाळीसमोर पोरीचा हसा होतला. फोटो मीच पाठवलंय."

सुभद्राने कोकमाची वाटी भरली. "तुमका दिसला आणि तुम्ही गप रवलात, तर सोमवारी पुण्यात परके दाखवतले. ता बरा?"

 जयवंतने ताट ओढून घेतलं आणि जेवायला लागला.

शनिवारी सकाळी रश्मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून भाषणाची तालीम करत होती. जयवंतने तीनदा खाकरून घेतलं.

"बाय, ती बोटं सारख्या अंतरावर आसत."

"हो, म्हणजे साधारण..."

"साधारण नाय. मापलंय मी."

तिचा चेहरा बदलला. "बाबा, हे कापड नाहीये. त्यामागे फिजिक्स आहे. चार महिने खपतेय मी त्याच्यावर, आणि तू फ्लेक्सवर वीत लावून..." ती थांबली. आवाज चढला हे तिच्याही लक्षात आलं. पण माघारही घेववेना. "प्लीज बाबा. सोमवार झाल्यावर बोलू."

जयवंतला वाटलं, जावं उठून. आयुष्यभर हेच ऐकलं होतं, त्यात हे एक. पण या वेळी ताका परक्याचा नव्हता. "एकदा खाली चल," तो म्हणाला. "तुझ्या हाताने माप. चुकलो असेन तर मीच कुशाबाक सांगतंय, की म्हातारो खुळावलो."

ती गेली, पाय आपटत. स्टुलावर चढली आणि आपली वीत टाकली. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा टाकताना तिचा हात फ्लेक्सवरच राहिला.  मग अगदी हळू म्हणाली, "जोड. बाबा, हे चौकटींचे जोड आहेत." आणि एक चप्पल स्टुलाखाली टाकून ती तशीच जिना चढत धावली.

नंतर तिने त्याला उलगडून सांगितलं. प्रोग्रॅम चौकटींचे गठ्ठे करतो, सोळा-सोळा चौकटींचा एक. जिथे मोठ्या चौकटी संपतात आणि बारीक सुरू होतात, तिथे शिवण येते. एका बाजूने जेवढा वायू गेला, तेवढाच दुसऱ्या बाजूला पोचला की नाही, हे त्या शिवणीवर ताडून बघावं लागतं. ते ताडून बघणारा भाग तिने दोन महिन्यांपूर्वी बंद केला होता, चाचणी लवकर व्हावी म्हणून, एका दिवसापुरता. आणि पुन्हा चालू करायला विसरली होती. प्रत्येक शिवणीवर वायूला एक फुकटचा धक्का बसत होता आणि तिथून एक बोट बाहेर येत होतं.

"म्हणजे तुझं बरोबर असेल तर," ती म्हणाली, "गठ्ठा सोळाचा आठ केला की बोटं निम्म्या अंतरावर आली पाहिजेत. तारा खरा असेल, तर त्याला माझ्या गठ्ठ्याशी काय देणंघेणं? तो हलणारच नाही."

मग त्या दहा बाय बाराच्या खोलीत तारा फोडायची तयारी झाली. लॅपटॉप तापतो म्हणून सुभद्राने दोन वाट्या उपड्या घालून त्यांच्यावर तो ठेवला, जयवंतने टेबलफॅन त्याच्याकडे वळवला आणि घरातली माणसं घाम पुसत बसली. लहान गणित होतं, तरी दुपारचे चार वाजले. मध्ये कुशाबा येऊन वड्यात लसूण घालायचा की नाही ते विचारून गेला. कोणी धड उत्तर दिलं नाही.

चार वाजता चित्र आलं. रश्मीने बोटं मोजली. दुपटीने होती. निम्म्या अंतरावर, एकसारखी, मुळाशी खाच.

तिने लॅपटॉप बाजूला सरकवला. मग रडली. आईच्या पदरात तोंड घालून लहान मुलीसारखी रडली, आणि जयवंत शेजारी उभा राहून पंख्याचं बटण उगाच चालू-बंद करत राहिला. त्याला वाटलं, आपण हे डोळे घेऊन जन्माला आलोच नसतो तर बरं झालं असतं.

रश्मीने नाक पुसलं आणि मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे आधी एक लांब सुस्कारा, मग चक्क हसू.

"अगं, माझ्याही नजरेतून सुटलं की! चार जणांनी बघितलं होतं ते चित्र. सोमवारी जायचंच आहेस तू. ही चूक कशी पकडायची तेच सांग. अर्ध्या सभागृहाने तो भाग कधी ना कधी बंद ठेवलेला असतो, कोणी कबूल करत नाही इतकंच. पण कोणाच्या लक्षात आलं हे?"

"बाबांच्या."

"कुठल्या इन्स्टिट्यूटमध्ये असतात ते?"

"घडीखात्यात होते, मॅडम," रश्मी म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली.

राहिला सत्कार. जयवंत छातीवर दगड ठेवून कुशाबाच्या दारी गेला. शोध चुकलाय, कार्यक्रम रद्द करा, असं त्याने एका दमात सांगितलं. कुशाबा खुर्चीतून उठलाच.

"रद्द? दीडशे खुर्च्या सांगितल्यात. हेडमास्तरांनी दाढी करून ठेवली असंल! अन् चुकलाय म्हंजी काय? फ्लेक्स लागला म्हंजी शोध लागला!" मग आवाज खाली आला, आणि खालचा आवाज जास्त लागला. "डाग काढल्याबिगर तुला अन्न पचतच न्हाई का रं? आता पोरीचा बी काढलास?"

जयवंतने मान खाली घातली आणि परत आला. रश्मीने ते गॅलरीतून ऐकलं होतं. "होऊ दे कार्यक्रम," ती म्हणाली. "मी बोलेन."

रविवारी संध्याकाळी पटांगण भरलं. हेडमास्तरांनी ग्रहगोलांवर वीस मिनिटं बोलून घेतलं, त्यातली पंधरा स्वतःच्या विद्यार्थिदशेवर. मग कुशाबाने शाल उघडली आणि रश्मीला पुढे बोलावलं. तिने शाल न घेता आधी माईक घेतला.

"हा मागचा फोटो चुकीचा आहे," ती म्हणाली. "ही बोटं ताऱ्याची नाहीत. माझ्या प्रोग्रॅममधल्या चुकीची आहेत."

 जयवंत शेवटच्या रांगेत बसला होता. त्याला खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं.

"उद्या पुण्यात देशभरातली माणसं असतील. त्यांच्यासमोर मी हेच चित्र दाखवणार होते. कोणीतरी उठून चूक दाखवली असती, आणि पुढची दहा वर्षं माझ्या कुठल्याही कामावर कोणी विश्वास ठेवला नसता. त्यातून मी वाचले. चूक काढली माझ्या बाबांनी, या फ्लेक्सवर वीत टाकून. मी त्यांच्यावर ओरडले, तरी त्यांनी सोडलं नाही. शाल त्यांना द्या."

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला कळेना. आणि तेवढ्यात कुशाबाने एक अजब गोष्ट केली. शाल खांद्यावर टाकून तो सरळ फ्लेक्सपाशी गेला आणि स्वतःची वीत लावली. पहिल्यापासून दुसरं. दुसऱ्यापासून तिसरं. मग वाकून मुळाची खाच बघितली. सगळं पटांगण त्याची पाठ बघत होतं.

"आयला," माईक नसतानाही शेवटपर्यंत ऐकू गेलं. "साच्याचाच हाय की!"

झालं. जुन्या गिरणीवाल्यांना राहवेना. एकेक म्हातारा उठला, चष्मा पुसला, फ्लेक्सला भिडला. कोणी म्हणे रोलरचा दोष, कोणी म्हणे फणीचा दात वाकला असणार. दोघंतिघं रश्मीला गाठून विचारू लागले, तुझ्या त्या साच्याची देखभाल करणारा जॉबर कोण होता. ती हसत हसत म्हणाली, "मीच." हेडमास्तर स्टेजवर एकटे नारळ धरून बसले होते, त्यांच्याकडे कोणी बघेना.

त्या गर्दीतून कुशाबा वाट काढत शेवटच्या रांगेत आला. जयवंत उठून उभा राहिला. पस्तीस वर्षांत कुशाबा कामाशिवाय आपण होऊन त्याच्यासमोर असा उभा राहिला नव्हता.

"म्हंजी," कुशाबा म्हणाला, आणि त्याने खांद्यावरची शाल हातात घेतली. "माझं ताके टाकायचास, तवाबी खरंच डाग असायचं व्हय रं?"

"होते," जयवंत म्हणाला. त्याला तिथेच थांबता आलं असतं. पण पोरीने आत्ताच सगळ्यांसमोर जे केलं होतं ते बघून त्याला थांबवेना. "फक्त एकदा मी खोटं वागलो. तुझी बायको, आनंदी, बाळंतपणात हॉस्पिटलात होती बघ, तू रात्र रात्र तिथे बसून सकाळी साच्यावर यायचास. त्या आठवड्यात तुझे दोन ताके आले. पार जाळं झालं होतं. मी खडू उचललाच नाही. पास केले."

कुशाबाच्या डोळ्यांत पाणी आलं.  त्याने शाल उलगडून जयवंतच्या खांद्यांवर टाकली, नीट, दोन्ही टोकं पुढे ओढून, आणि ती टोकं हातात धरूनच उभा राहिला.

"आरं लेका," तो म्हणाला, "त्या दोन ताक्यांवर मी पस्तीस वर्सं ऐट मारली! अख्ख्या गावाला सांगितलंय, जयवंत राऊळच्या बापालाबी डाग सापडला न्हाई म्हणून!"

आणि मग दोघंही हसायला लागले, आणि हसता हसता पटांगणाच्या कडेच्या एकाच बाकड्यावर बसले.